अ‍ॅसिटोनचा ड्रम उघडण्यापूर्वी : ठाणे आणि नवी मुंबईतील लघुउद्योजकांना खुले पत्र

प्रति,
वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योजक संघटनांचे पदाधिकारी व सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या गाळ्यात अ‍ॅसिटोनचा (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या, चटकन पेट घेणाऱ्या द्रावकाचा) एखादा ड्रम कायम उभा असतो. कोणी त्याने रेझिन लागलेले ब्रश आणि रोलर धुतो, कोणी रंग पातळ करतो, कोणी धातूच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढतो, तर कोणी औषधाच्या कच्च्या मालाचे स्फटिकीकरण करतो. मी औषधनिर्मितीच्या कारखान्यांत उत्पादन विभागात आयुष्यभर काम केलेला रसायनशास्त्राचा माणूस आहे. निवृत्तीनंतर ओळखीच्या उद्योजकांच्या बोलावण्यावरून वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे आणि तुर्भे येथील गाळ्यांत माझे जाणे होते. तेथे अ‍ॅसिटोन ज्या पद्धतीने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाते, ती पद्धत पाहून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. ते खुले ठेवले आहे, कारण ही पद्धत एखाद्या गाळ्यापुरती राहिलेली नाही आणि तिचे परिणाम त्या गाळ्याच्या भिंतींपाशी थांबत नाहीत.

२६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांनंतर आपल्या जिल्ह्यात रासायनिक सुरक्षिततेवर पुष्कळ बोलले गेले. ती चर्चा मोठे कारखाने, रिअ‍ॅक्टर (रासायनिक प्रक्रियेची मोठी भांडी) आणि कारखान्यांचे स्थलांतर या विषयांभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र ज्या गाळ्यात रिअ‍ॅक्टर नाही, कोणतीही रासायनिक प्रक्रिया होत नाही, फक्त पुसणे, धुणे आणि पातळ करणे एवढेच चालते, त्या गाळ्याचा मालक स्वतःला रासायनिक उद्योजक मानत नाही आणि म्हणून ही चर्चा आपल्याविषयी आहे असे त्याला वाटत नाही. माझे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

अ‍ॅसिटोन हा कीटोन गटातील सर्वांत साधा पदार्थ. त्याच्या रेणूत तीन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. जगातील बहुतांश अ‍ॅसिटोन आज क्युमीन नावाच्या रसायनापासून फिनॉल हे दुसरे रसायन बनवताना जोडीने मिळते. एक टन फिनॉलमागे साधारण सहाशे किलो अ‍ॅसिटोन तयार होते. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर हर्डिलिया केमिकल्सच्या कारखान्यात फिनॉल आणि अ‍ॅसिटोन दोन्ही तयार होत असत, हे या पट्ट्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणजे हा पदार्थ आपल्या भागाला नवखा नाही. तो पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो, तसेच तेल, रेझिन आणि कित्येक प्लास्टिकही विरघळवतो. या दुहेरी गुणामुळे तो इतका उपयोगी पडतो. शिवाय तो लवकर वाळतो, मागे डाग ठेवत नाही आणि इतर अनेक द्रावकांच्या तुलनेत शरीराला कमी अपाय करतो. आपल्या शरीरातही चरबीचे ज्वलन होताना थोडे अ‍ॅसिटोन तयार होत असते. नखांचा रंग काढण्याच्या छोट्या बाटलीतून तो घरोघरी पोहोचला आहे. या सगळ्यामुळे अ‍ॅसिटोन म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असा समज पक्का झाला आहे. विषारीपणापुरता तो समज बऱ्याच अंशी बरोबर आहे. आगीच्या बाबतीत मात्र तो पूर्णपणे चुकीचा आहे, आणि गाळ्यात येतो तो बाटलीभर नव्हे, तर १६० किलोचा ड्रम.

आता काही आकडे देतो. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळते. त्याचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरील वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, उणे २० अंशांच्या आसपास आहे. पाणी गोठते त्याच्याही वीस अंश खाली. याचा व्यवहारातील अर्थ असा, की ठाण्याच्या हवेत वर्षाच्या कोणत्याही दिवशी, पहाटेच्या गारव्यातसुद्धा, उघड्या अ‍ॅसिटोनच्या पृष्ठभागावर पेटण्याजोगी वाफ असतेच. डिझेलच्या बाबतीत तसे नसते, ते आधी तापवावे लागते. अ‍ॅसिटोनला फक्त ठिणगी हवी असते. हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण अडीच टक्के ते साधारण तेरा टक्के असेल, तर ते मिश्रण पेटते किंवा बंदिस्त जागेत स्फोट घडवते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे वर जात नाही. ती जमिनीलगत पसरते, पाण्यासारखी उतार शोधत गटारात, खड्ड्यात आणि शेजारच्या गाळ्याच्या शटरखालून आत शिरते. म्हणूनच ड्रम एका कोपऱ्यात आणि ठिणगी पंधरा-वीस फुटांवर दुसऱ्या कोपऱ्यात असली, तरी ज्वाला वाफेच्या थरावरून धावत ड्रमापर्यंत परत येऊ शकते.

एक लिटर अ‍ॅसिटोन जमिनीवर सांडले असे समजा. हे प्रमाण अजिबात मोठे नाही. नरसाळे कलंडले की एवढे सहज सांडते. त्याचे वजन सुमारे ७९० ग्रॅम. ते पूर्ण उडाले की आपल्याकडील तापमानाला साधारण ३४० लिटर शुद्ध वाफ होते. अडीच टक्क्यांच्या हिशेबाने ही वाफ साडेतेरा घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद गाळ्यात जमिनीपासून दीड मीटर उंचीपर्यंत, म्हणजे उभ्या माणसाच्या गळ्यापर्यंत, एवढीच हवा असते. प्रत्यक्षात वाफ इतकी समान पसरत नाही, खाली दाट आणि वर विरळ राहते. पण सांडल्यावर लगेच फडक्याने पुसून घेण्याची सवय किती अपुरी आहे, हे या हिशेबावरून कळावे. पुसलेल्या फडक्यातूनही तेवढीच वाफ निघणार असते. ते फडके झाकण असलेल्या लोखंडी डब्यात न जाता कोपऱ्यातल्या कचऱ्यात गेले, तर धोक्याची जागा तेवढी बदलते.

यापुढची गोष्ट ऐकून अनेक अनुभवी सुपरवायझरांनाही नवल वाटते. भरलेल्या बंद ड्रमाच्या आत, द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत, सहसा पेटण्याजोगे मिश्रण नसते. ३० अंशांना त्या जागेत अ‍ॅसिटोनच्या वाफेचे प्रमाण सुमारे ३७ टक्के असते आणि पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम ४० अंशांपर्यंत तापला तर ते निम्म्याच्याही वर जाते. तेरा टक्क्यांच्या वर वाफ इतकी दाट होते की पेटायला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही. धोका सुरू होतो तो ड्रम उघडल्यावर, रिकामा केल्यावर आणि त्यात हवा शिरल्यावर. तळाला पेलाभर द्रव उरलेला, बूच काढून उन्हात ठेवलेला ‘रिकामा’ ड्रम हळूहळू वाफ सोडत आणि हवा घेत पेटण्याच्या पट्ट्यात उतरतो. म्हणून भरलेल्या ड्रमापेक्षा रिकाम्या ड्रमाची भीती अधिक बाळगावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आणि या रिकाम्या ड्रमांचे आपल्याकडे काय होते? ते भंगारवाल्याला विकले जातात. तेथे झाकण कापण्यासाठी गॅस कटर किंवा ग्राइंडर चालतो, आणि कापणाऱ्या माणसाला आत काय होते याची काहीच कल्पना नसते. काही ड्रम पाणी साठवण्यासाठी वस्तीत जातात. ड्रम आपल्या दारातून बाहेर गेला की आपली जबाबदारी संपली, असे मानणे मला मान्य नाही. ज्याने द्रावक वापरले त्यानेच ड्रम पूर्ण निथळवून, पाण्याने भरून धुऊन (अ‍ॅसिटोन पाण्यात पूर्ण मिसळत असल्याने हे शक्य आहे) आणि ते धुण्याचे पाणी गटारात न सोडता घातक कचऱ्याच्या मार्गाने देऊन मग ड्रम द्यावा. पुरवठादाराने रिकामा ड्रम परत घेण्याची व्यवस्था केली, तर त्याहून उत्तम. पावसाळी गटारात सोडलेल्या अ‍ॅसिटोनमिश्रित पाण्यातून वाफ निघत राहते आणि झाकलेले गटार हे त्या वाफेसाठी आयते भुयार ठरते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ड्रममधून कॅनमध्ये अ‍ॅसिटोन काढण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत अशी : ड्रम लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरवर आडवा केला जातो, खाली प्लास्टिकचा कॅन आणि त्यावर पत्र्याचे नरसाळे ठेवले जाते, आणि बूच सैल करून द्रव धारेने सोडला जातो. ओतणाऱ्याच्या पायात रबरी चपला आणि अंगात सिंथेटिक कापडाचा शर्ट असतो. या एका दृश्यात स्थिर विद्युत साठण्याच्या सर्व वाटा एकत्र आल्या आहेत. द्रव वाहताना, उंचावरून पडताना आणि शिंतोडे उडताना विद्युतभार वेगळा होतो. ड्रम लाकडावर किंवा टायरवर असल्याने त्याचा भार जमिनीत उतरत नाही. नरसाळे धातूचे आहे पण प्लास्टिकच्या कॅनवर बसल्यामुळे तेही जमिनीपासून तुटलेले आहे, म्हणजे भार साठवणारी एक सुटी धातूची वस्तू नेमकी वाफेच्या तोंडाशी ठेवलेली आहे. आणि ओतणारा माणूस स्वतःच भारित असतो. त्याने नरसाळे उचलायला बोट पुढे केले की बारीकशी ठिणगी उडते. हिवाळ्यात लोखंडी कपाटाला हात लावताना बोटाला जो चटका जाणवतो, तेवढी ठिणगी अ‍ॅसिटोनच्या वाफेला पेटवण्यास पुरेशी असते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे मला नेहमी ऐकवले जाते. आपल्याकडील दमट हवेमुळे भार बऱ्याचदा आपोआप विरतो, हे त्यामागचे एक कारण आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी किंवा वातानुकूलित खोलीत ते संरक्षण राहत नाही.

यात समाधानाची बाब अशी, की या विशिष्ट धोक्यावरचा उपाय अ‍ॅसिटोनच्या बाबतीत फार चांगला लागू पडतो. टोल्युईन किंवा हेक्झेनसारखे द्रावक विजेचे दुर्वाहक असतात; त्यांच्या आत साठलेला भार अर्थिंग केल्यावरही उतरायला वेळ घेतो. अ‍ॅसिटोन त्या मानाने भाराला सहज वाट देते. त्यामुळे द्रवाला लागलेले भांडे धातूचे असेल आणि ते जमिनीशी जोडलेले असेल, तर भार साठतच नाही. ड्रमाला अर्थिंगची तार, ड्रम आणि घेण्याच्या भांड्यात दुसरी जोडतार, दोन्हींच्या टोकांना रंग व गंज खरवडून धातूपर्यंत पोहोचणारी दातेरी क्लिप, आणि घेण्यासाठी झाकणाचा लोखंडी किंवा स्टीलचा कॅन. एवढेच सामान लागते. आधी तारा जोडायच्या, मग बूच उघडायचे; काम संपले की आधी बूच आणि झाकण बंद करायचे, मग तारा सोडायच्या. धार उंचावरून न सोडता नळी भांड्याच्या तळापर्यंत न्यायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. ड्रम आडवा करण्याऐवजी उभा ठेवून धातूच्या हातपंपाने द्रव काढला, तर सांडण्याचा प्रश्नही बराच मिटतो. हा सगळा खर्च एका ड्रमच्या किमतीच्या तुलनेत इतका किरकोळ आहे, की त्याबद्दल चालढकल होताना पाहून मला मनापासून वाईट वाटते. उघड्या बादलीत अ‍ॅसिटोन ठेवण्याची आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते भरून टेबलावर ठेवण्याची सवय तर आजच बंद झाली पाहिजे. दिसायला ते हुबेहूब पाण्यासारखे असते आणि तहानलेला माणूस लेबल नसलेली बाटली हुंगून पाहीलच असे नाही.

हवा खेळती ठेवण्याच्या बाबतीतही एक गफलत सर्रास दिसते. एक्झॉस्ट पंखा छतालगत बसवलेला असतो, वाफ मात्र जमिनीलगत असते. हवा ओढणारे तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर हवे आणि त्या पंख्याची मोटर व बटणे फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी, हवीत. साध्या पंख्याची मोटर वाफ ओढता ओढता स्वतःच ठिणगी देऊ शकते. उन्हाळ्यात जमिनीवर ठेवलेला टेबल फॅन वाफ विरळ करण्याऐवजी तिला शेजारी चाललेल्या वेल्डिंगकडे ढकलतो. ड्रमाच्या आसपास चहाची शेगडी, मोबाईलचा चार्जर, ग्राइंडर आणि साधा दिव्याचा खटका असू नये, हे बहुतेकांना पटते. देवघराचा उल्लेख मात्र कोणी करत नाही, म्हणून मी करतो. आपल्या बहुतेक गाळ्यांत प्रवेशाजवळ छोटेसे देवघर असते आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तेथे दिवा लागतो. श्रद्धेला धक्का न लावता देवघर द्रावकाच्या खोलीपासून पूर्ण वेगळ्या जागी, शक्यतो बाहेरच्या कार्यालयात हलवावे, किंवा तेलाच्या दिव्याऐवजी दुसरी सोय करावी, ती सोयही ड्रमपासून लांबच असावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पोटमाळ्यांविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. परगावाहून, परराज्यातून आलेले कामगार रात्री गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात, शटर आतून बंद असते आणि खाली उतरायला एकच लोखंडी शिडी असते. खाली ड्रम. रात्री ड्रमचे बूच सैल राहिले किंवा नळ ठिबकत राहिला, तर वाफ खालच्या भागात साठत जाते. वर झोपलेल्यांना वास येईलच असे नाही आणि आला तरी नाकाला त्याची लवकर सवय होते. पहाटे कोणी चहासाठी शेगडी पेटवली, तर सुटकेची एकमेव वाट त्या आगीतूनच जाते. जेथे असे द्रावक साठवले आहे तेथे माणसांनी झोपता कामा नये. यात अडचणी आहेत, भाड्याचा प्रश्न आहे, मला ठाऊक आहे. तरीही यावर तडजोडीला जागा आहे असे मी मानत नाही. ज्यांना कामगारांची दुसरी सोय लगेच करता येत नाही, त्यांनी निदान ड्रम दुसरीकडे हलवावा. चार-पाच गाळ्यांनी मिळून मोकळ्या जागेत जाळीदार, सावलीची, कुलूपबंद साठवणखोली केली, तर प्रत्येकाला गाळ्यात फक्त दिवसभराचा माल ठेवता येईल.

आरोग्याबद्दल थोडक्यात लिहितो. अ‍ॅसिटोनच्या वाफेने डोळे, नाक आणि घसा चुरचुरतात, प्रमाण वाढले की डोके दुखते, गरगरते, गुंगी येते. कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा दशलक्ष भागांत २५० भाग इतकी आहे, आणि जीवितास तत्काळ धोका मानली गेलेली पातळी २,५०० भाग आहे. ही दुसरी पातळी विषबाधेवरून ठरवलेली नसून स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा दहावा हिस्सा म्हणून ठरवलेली आहे. अ‍ॅसिटोनबाबत आग हाच मुख्य प्रश्न आहे, याचे हे अधिकृत प्रमाण समजावे. डोळ्यांत उडाले तर मात्र गंभीर इजा होऊ शकते, म्हणून चष्मा हवा आणि पंधरा मिनिटे डोळे धुता येतील असा वाहता नळ जवळ हवा. कोणी चुकून प्यायले तर उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या, गाळ्यांत रेझिनने चिकट झालेले हात अ‍ॅसिटोनने धुण्याची पद्धत आहे. त्याने त्वचेतील तेल निघून जाते, हात कोरडे पडतात, भेगा पडतात आणि त्या भेगांतून रेझिन व इतर रसायने आत शिरतात. आपण जे निळे नायट्राइलचे हातमोजे देता ते अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटांत फुगतात व निकामी होतात; या कामाला ब्युटाइल रबराचे हातमोजे लागतात. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना सांगून ठेवण्यासारखी आहे : अ‍ॅसिटोन स्वतः यकृताला फारसे अपायकारक नसले, तरी कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांचा यकृतावरील घातक परिणाम ते वाढवते. ज्या कामगाराला दोन्ही हाताळावे लागतात, त्याची तपासणी अधिक काळजीने व्हायला हवी.

याच अनुषंगाने मिश्रणांबद्दल सावध करतो. एफआरपीच्या कामात रेझिन घट्ट करण्यासाठी वापरतात आणि ज्याला सगळे नुसते हार्डनर म्हणतात, ते मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड असते. ते पातळ करण्यासाठी किंवा त्याचे भांडे धुण्यासाठी अ‍ॅसिटोन कधीही वापरू नये आणि दोन्ही एका मांडणीवर ठेवू नयेत. अशा मिश्रणातून स्फोटक पदार्थ तयार होण्याची शक्यता असते. नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे ऑक्सिडीकारक पदार्थही अ‍ॅसिटोनपासून दूर ठेवावेत. कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली पदार्थ असताना क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन एकत्र आले, तर अचानक प्रचंड उष्णता निर्माण होते. म्हणून ‘सगळी वापरलेली द्रावके एकाच ड्रममध्ये’ ही सोयीची वाटणारी पद्धत सोडून प्रत्येक टाकाऊ द्रावकाचा ड्रम वेगळा आणि नाव लिहिलेला असावा.

भाव वाढला की पुरवठादार ‘तसलेच दुसरे’ द्रावक देऊ करतो. ते घेताना नाव आणि सुरक्षा माहितीपत्रक मागितल्याशिवाय घेऊ नये. रेणूत थोडा फरक असलेला दुसरा कीटोन शरीराशी अगदी वेगळा वागू शकतो. १९७३ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस येथे लेपित कापडाच्या कारखान्यात कामगारांच्या हातापायांतील नसा निकामी होऊ लागल्या. तपासात त्याचे कारण मिथाइल एन-ब्युटाइल कीटोन हे द्रावक असल्याचे निघाले. अ‍ॅसिटोन वापरून असे होत नाही. पण बिनानावाच्या कॅनमधील थिनरमध्ये नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर तो कॅन गाळ्यात येऊच नये.

आग लागलीच, तर पहिल्या क्षणाला काय करायचे हे आधी ठरलेले असावे. पेटत्या अ‍ॅसिटोनवर पाण्याचा जोरदार झोत मारल्यास द्रव पसरतो आणि आगही त्यासोबत पसरते. ते पाण्यात मिसळते खरे, पण पाणी मिसळलेले अ‍ॅसिटोन बरेच पातळ होईपर्यंत ज्वलनशील राहते. नेहमीचा फोमही त्यावर टिकत नाही, कारण अ‍ॅसिटोन फोममधील पाणी ओढून घेते. अल्कोहोलरोधक फोम लागतो. छोट्या आगीला कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो. शेजारचे ड्रम थंड ठेवायला मात्र पाण्याचा फवाराच हवा. आपल्या दारावर अग्निशमन दलाचे जवान येतील तेव्हा शटरवर पदार्थाचे नाव, साठ्याचे प्रमाण आणि १०९० हा त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक मराठी, हिंदी व इंग्रजीत ठळकपणे लिहिलेला असेल, तर कोणता फोम आणायचा हे त्यांना विचारत बसावे लागणार नाही. धोकादायक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीसंबंधीचे १९८९ चे नियम माहितीपत्रक आणि लेबलाची जबाबदारी सांगतातच. त्यांचा हेतू हाच आहे की ती माहिती हाताळणाऱ्या माणसाला कळावी. ओडिशाहून किंवा पूर्वांचलातून आलेल्या मुलाला जे वाचता येत नाही, ते लेबल लावून तो हेतू साध्य होत नाही.

आपल्या संघटनांकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. सभासद-गाळ्यांत ड्रम कुठे आणि किती आहेत, कोणत्या पोटमाळ्यावर माणसे झोपतात, याची यादी संघटनेने स्वतः, कोणाला दंड होईल या भीतीशिवाय करावी. अर्थिंगच्या तारा, क्लिप, हातपंप आणि लोखंडी कॅन यांची खरेदी एकत्र करून ती लहान गाळ्यांना मूळ किमतीत द्यावी. आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी व एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रातील जवान यांना बोलावून ड्रममधून द्रव काढण्याचे प्रात्यक्षिक सभागृहातील भाषणाऐवजी प्रत्यक्ष वसाहतीच्या रस्त्यावर, मालकांसमोर नव्हे तर ओतणाऱ्या हातांसमोर, हिंदी आणि मराठीत करून दाखवावे. शासकीय यंत्रणांनाही माझे सांगणे आहे, की या पहिल्या फेरीत त्यांनी तपासणीच्या नोटिसा बाजूला ठेवून शिकवण्याच्या भूमिकेतून यावे, नाहीतर शटर खाली ओढली जातील आणि ड्रम आणखी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जातील.

हे प्रात्यक्षिक यंदा हवा कोरडी होण्याआधी, म्हणजे दिवाळीपूर्वी व्हावे. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत जेथे बोलवाल तेथे तार, क्लिप आणि हातपंप घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त उत्पादन रसायनज्ञ
ऐरोली, नवी मुंबई